चार बोटं आणि एक जोंधळा

तीर्थस्वरूप आक्कांना शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेल. त्याला म्हणावं, सावकाश वाच आणि माझं पुणेरी अडलं तर कानडीत सांग. लिहितेय तुम्हालाच, पण मुद्दाम चारचौघांत लिहितेय, कारण तुमच्याआधी ज्यांनी हात झटकले त्यांच्याही कानावर हे जावं अशी माझी फार इच्छा आहे. तुम्हाला ते आवडायचं नाही. ‘कशाला कुणाचं उणंदुणं,’ म्हणाल. थोडंसं काढते आणि थांबते.

तुमच्याकडची नवी वाकळ परवा रात्री घरी पोचली. आईनं ती उलगडली नाही. घडीवरच हात फिरवला, वास घेतला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. कुकर लावल्याचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. मी तशीच बाहेर बसून राहिले.

आजीची जुनी वाकळ मीच बिघडवली, हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायचं धाडस झालं नव्हतं. आता सांगते. घरात ती कायम उन्हात पडायची, कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत जायची, थंडीत बाहेर यायची. एवढंच. मला वाटलं, एकदा नीट स्वच्छ करून घ्यावी. आईला न विचारता चांगल्या एसीवाल्या लाँड्रीत दिली. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून परत आली तेव्हा इरकलीच्या पदराचा लाल रंग पांढऱ्या घरांत उतरला होता. तुम्हाला माहीतच आहे, इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी, दोन्हींचा स्वभाव वेगळा. कुठं आक्रसली, कुठं ताणली, सगळी मिळून भाजलेल्या पापडासारखी झाली. पिशवीला पावती टाचलेली, तिच्यावर छापलेलं की रंग गेल्यास आम्ही जबाबदार नाही. मालक म्हणाले, “जुनी होती ना ताई.” जुनी होती म्हणूनच तर दिली होती!

आई एका शब्दानं बोलली नाही. “जाऊ दे, जुनीच होती,” एवढंच म्हणाली. म्हणजे लाँड्रीवाल्याचंच वाक्य. फक्त तिच्या तोंडून ते ऐकवलं नाही. त्या रात्री तिनं कपाटातलं विकतचं ब्लँकेट काढलं.

पुढचे आठ महिने मी ती वाकळ बगलेत मारून दारोदार फिरले. एका बुटिकच्या बाईंनी ती दोन बोटांच्या चिमटीत धरून लांबूनच पाहिली. म्हणाल्या, याचा फोटो काढून कापडावर छापून देऊ, हुबेहूब दिसेल, शिवणंसुद्धा छापलेली दिसतील. छापलेली शिवण! अंगावर घेतल्यावर ती काय ऊब देणार? दुसऱ्या एका गृहस्थांनी खूप कौतुक केलं, अंगणात नेऊन भरपूर फोटो काढले आणि मग विकणार का म्हणून विचारलं. त्यानंतर फोन उचलला नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो क्विल्टिंगच्या क्लासमध्ये. तिथल्या बाई मनानं वाईट नव्हत्या, हुशारही होत्या. त्यांनीच मला अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या जेन स्टिकलच्या गोधडीबद्दल सांगितलं. १८६३ साली, तिकडं यादवी युद्ध चालू असताना शिवलेली, तऱ्हेतऱ्हेच्या भौमितिक चौकोनांची. तिनं कोपऱ्यात स्वतः टाक्यांनी लिहून ठेवलंय: युद्धकाळ, साल, तुकडे ५६०२ आणि खाली नाव. बेनिंग्टनच्या संग्रहालयात ती वर्षातून थोडेच दिवस बाहेर काढतात, उजेडानं कापड खराब होऊ नये म्हणून. जगभरच्या बाया तिची नक्कल करायला वर्षानुवर्षं बसतात. ऐकून मला हुरूप आला. मीही घरी जाऊन आजीचे तुकडे मोजले. आडवे सात चौकोन, उभे नऊ, म्हणजे ६३. एकेका चौकोनात तेरा तुकडे. एकूण ८१९, काठपट्टी सोडून. आजीनं कुठं काही लिहिलेलं नाही. ती बँकेतसुद्धा अंगठा द्यायची.

पण क्लासच्या बाईंचं गणित शंकरपाळ्यावर अडलं. आजीच्या वाकळेकडं पाहिलं की आधी ती काळपट लाल शंकरपाळीच डोळ्यांत भरतात, ओळीनं, कोपऱ्यासमोर कोपरा. बाईंनी तीच मूळ धरली. खणाची नक्षी उभी यावी म्हणून कापड तिरकं कापलं, त्यामुळं चारही बाजू उरेब, म्हणजे धाग्याला तिरक्या, आल्या. उरेब कापड बोट लावलं तरी ताणतं. नमुना शिवून झाला तेव्हा त्याला लाटा आल्या होत्या. वर मापांचा घोळ. टेप लावली की एक चौकोन आठ इंच, शेजारचा सव्वाआठ, तिसरा साडेआठला टेकलेला. “तुमच्या आजींचं काम इरेग्युलर आहे,” बाई म्हणाल्या, “आपण राउंड फिगर नऊ इंच धरू.” आणि सहाव्या ओळीतला तो एक उलटा त्रिकोण दाखवून म्हणाल्या, “ही मिस्टेकही करेक्ट करून घेऊ.” मी मान डोलावली. आजीची चूक दुरुस्त करायला मी पैसे भरले होते, याची लाज मला उशिरा वाटली.

झालं उणंदुणं. तुमच्यापर्यंत कशी पोचले ते सांगत बसत नाही, तो पाच माणसांचा आणि तीन एसट्यांचा गोंधळ आहे.

जतच्या पुढं उतरून तुमच्या ओसरीवर आले तेव्हा तुम्ही जोंधळे निवडत होता. मी पिशवीतून वाकळ काढायला लागले तर “थांब” म्हणालात. आत जाऊन हात धुऊन आलात, पदराला पुसलेत, आपलं एक धुतलेलं लुगडं जमिनीवर अंथरलंत आणि मग त्याच्यावर ती पसरायला सांगितलीत. डागाबद्दल विचारलं नाहीत. बराच वेळ नुसत्या बघत बसलात. मी बाईंचं सगळं पाठ म्हणून दाखवलं: शंकरपाळी, उरेब, नऊ इंच. तुम्ही हसलात.

“शंकरपाळं कुणी शिवत न्हाई गं. त्ये आपसूक हुतं.”

आणि एकाच चौकोनाच्या कडेनं बोट फिरवलंत. आत नऊ घरं. मधलं एक आणि बाजूंची चार अख्खी. कोपऱ्यांतली चार मधोमध तिरकी कापलेली, बाहेरच्या अंगाला गडद त्रिकोण, आतल्या अंगाला फिका. असे चार चौकोन एकमेकांना भिडले की चार गडद त्रिकोण एकत्र येतात आणि शंकरपाळं तयार. तिरकी कड घराच्या पोटातच शिवून टाकायची, मग बाहेर चारही बाजू सरळ धाग्याच्या राहतात, ताणत नाहीत. आठ महिने जे मी दोन वह्या भरून काढत होते ते तुमच्या एका बोटानं झालं.

पण हे पत्र त्यासाठी नाही, आक्का. नमुना आज ना उद्या कुणीतरी उलगडला असता. हे पत्र त्यानंतर जे झालं त्यासाठी आहे, आणि तुम्हाला ते आठवतसुद्धा नसेल.

मी टेप काढली. तुम्ही म्हणालात, “ती ठिव बाजूला. आजी बांगडी कितीची भरायची?”

मला प्रश्नच कळेना. मग एकदम आठवलं. जत्रेत कासाराच्या गाड्यापुढं आजी हात पुढं करायची आणि म्हणायची, “दोन-चार काढ, हिरवी.” चौदा-पंधरा वर्षांत मला हे आठवलं नव्हतं. दोन-चार. आजीच्या शरीराचं एकुलतं एक माप माझ्या डोक्यात शिल्लक होतं आणि ते तुम्ही हुडकून काढलंत.

“मग तुझ्यायेवढाच हात की,” म्हणालात. माझं मनगट धरलंत आणि माझा पंजा उचलून वाकळेवर ठेवलात, एका छोट्या घरावर, चार बोटं जुळवून.

घर जवळजवळ झाकलं गेलं. करंगळीपलीकडं नखभर पट्टी उरली. तुम्ही सुपातला एक जोंधळ्याचा दाणा उचललात, त्या पट्टीवर ठेवलात आणि म्हणालात, “तिचा हात कामाचा हुता, म्हणून जाड. चार बोटं आन एक जोंधळा. ह्ये तुझं माप.”

तुम्ही लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागलात, बहुतेक दोऱ्याबद्दल. मला काही ऐकू येत नव्हतं. आठ महिने सगळे मला त्या वाकळेपासून लांब ठेवत होते. हात लावू नका, मळेल. ताणू नका. हे तुमचं काम नाही ताई. बिघडवणारी मीच, म्हणून मीही हात मागं घेत होते. आणि तुम्ही मनगट धरून माझा हात थेट आजीच्या हाताच्या जागी ठेवलात. कापड गार होतं. दाणा टोचत होता.

मागाहून मी हिशेब केला. आठ जवांचं एक अंगुळ, बारा अंगुळांची वीत, दोन वितींचा हात, असं जुनं कोष्टक आहे. चार बोटांची तीन घरं म्हणजे बारा, म्हणजे आजीचा एकेक चौकोन वीतभर. इंचाच्या टेपला तो वेडावाकडा वाटायचा, कारण सकाळचा हात आणि दिवसभर राबून सुजलेला संध्याकाळचा हात सारखा नसतो. इरेग्युलर म्हणे!

त्या उलट्या त्रिकोणाचंही तुम्ही तसंच केलंत. मला वाटलं होतं, आता काहीतरी नजर लागू नये म्हणून मुद्दाम ठेवलेली खूण वगैरे निघेल. तुम्ही अंगठ्यानं चाचपलंत आणि म्हणालात, “हितं खण संपलाय. काठाचा जाड तुकडा शिवणीत दाबायला फिरवलाय.” मी विचारलं, मग नव्या वाकळेतही तो तसाच ठेवायचा ना? तर तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत! “आपला खण संपला तर आपन बी फिरवू. न्हाई संपला तर कशाला?” आणि संपलाच. सहाव्या नाही, दुसऱ्या ओळीत, धाकट्या काकूंच्या जांभळ्या खणाशी.

खण मात्र मी विकत आणले नाहीत, तुमच्याच हुकमानं. ओटीत आलेले आणि कधीच न शिवलेले खण प्रत्येक घरात पडून असतात, या ओटीतून त्या ओटीत फिरत. आई, दोन्ही काकू, आत्या, शेजारच्या जोशी आजी, सगळ्यांची कपाटं रिकामी केली. आजीच्या वाकळेतले खणही असेच कुणाकुणाच्या ओटीतले असणार.

आणि जुनी वाकळ नवीच्या पोटात घालायची, हे तुम्ही म्हणालात तेव्हा मी चार दिवस झोपले नाही. मला ती काचेत हवी होती. शेवटी आईला फोन केला. ती म्हणाली, “अगं, आजीच्या वाकळेतसुद्धा तिच्या सासूची वाकळ आहे. तुला काय वाटलं, ती एवढी जड कशानं होती?” मला हे माहीत नव्हतं.

पैशांचंही लिहिते, कारण लोक अशा पत्रांत ते लपवतात. तुम्ही आकडा सांगितलात, तेवढाच घेतलात, मी वर देऊ लागले ते परत माझ्या पिशवीत कोंबलेत. फुकट केलं असतंत तर मी जन्मभर ओझ्याखाली राहिले असते. चांगली माणसं फुकट राबतात असं सिनेमात असतं. कामाचं मोल नीट सांगणारी आणि समोर आलेली चिंधी हात धुऊन हातात घेणारी माणसं मला जास्त चांगली वाटतात. अशी अजून आहेत हे विसरायला झालं होतं.

काल रात्री थंडी फार नव्हती. तरी आईनं वाकळ घेतली. मी पाणी प्यायला उठले तर ती जागीच होती, अंधारात एका घरावर चार बोटं जुळवून.

“जरा मोठंच पडतंय,” म्हणाली.

मी म्हटलं, “जोंधळा ठेव.”

तुमची,
पुण्याची लेक

ता. क. तुमची एक सुई माझ्या ओढणीला टोचून इकडं आली आहे, नाकाशी जरा वाकलेली. शोधत असाल तर शोधू नका. संक्रांतीला येते तेव्हा आणते.