अंगणातल्या भिंतीबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

अंगणाच्या उताराला विटांची भिंत घालायचं ठरलंच आहे, तर गवंड्याशी बोलण्याआधी एवढं वाचा. अशी भिंत मातीपेक्षा पाण्यानेच जास्त पडते. मागची माती भिजून पाणी तुंबलं की भिंतीवरचा रेटा दुपटीच्या वर जातो. त्यात आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी भिंतीला थोडं थोडं पुढे ढकलत राहते.

हिशेब 20 फूट लांबीचा धरला आहे. मागे माती 2 फूट, भिंत रस्त्याच्या बाजूने अडीच फूट, म्हणजे पावसात माती वरून वाहणार नाही. बाबा, ‘आणखी दीड-दोन फूट वाढवून टाकू’ असं म्हणू नका. मातीची उंची दीडपट झाली तर रेटा सव्वादोनपट होतो आणि भिंत उलथवणारा जोर जवळजवळ साडेतीनपट. तीन फुटांच्या वर माती अडवायची असेल तर विटेचा नाद सोडून इंजिनिअरकडून आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या भिंतीचं डिझाइन काढून घ्यावं.

पायाचा चर 2 फूट रुंद, 2 फूट खोल. तळाला मुरूम लागला पाहिजे. काळी मातीच दिसत असेल तर आणखी खोदा आणि वाढीव खोली कठीण मुरमाने, थराथराने पाणी मारून धुम्मसाने (जड ठोकणीने) ठोकत भरून घ्या. (धुम्मस बाबांनी उचलायचं नाही.) त्यावर 6 इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, 1:4:8 (सिमेंट, वाळू, खडी). पाया रस्त्याच्या हद्दीत जाता कामा नये, दोरी लावतानाच बघा.

पीसीसीपासून अडीच फूट उंचीपर्यंत दीड विटेची, म्हणजे 14 इंची भिंत. त्यातली दीड फूट जमिनीखाली जाते. वरची दीड फूट 9 इंची. पायरी मागच्या, मातीच्या बाजूला सोडायची. पायरीवर बसलेली माती भिंतीला दाबून धरते आणि समोरून भिंत सरळ दिसते. विटा भट्टीगणिक लहानमोठ्या असतात, म्हणून अकराशे ते साडेबाराशे धरा. सिमेंट 8 गोण्या, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) अर्धा ब्रास, म्हणजे 50 घनफूट, खडी अर्धा ब्रास. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत वाजल्या पाहिजेत. बद्द आवाज आला तर ती गाडी परत पाठवा. आई, तू हे काम बाबांपेक्षा चांगलं करशील, ते भीड धरतात.

विटा आदल्या दिवशी पाण्यात भिजत टाकायच्या. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी शोषून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. माल 1:4, म्हणजे एक भाग सिमेंट, चार भाग वाळू. घरभिंतीला गवंडी 1:6 वापरतो, तो इथे नको. एका वेळी तासाभरात संपेल एवढाच माल कालवायचा, आवळलेल्या, म्हणजे घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून वापरायचा नाही. सांधा 10 मिमी, विटेची खाच वर, प्रत्येक थराला सांधेमोड (उभा सांधा उभ्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही), आणि भिंतीच्या जाडीत आरपार जाणाऱ्या आडव्या विटा हव्यातच. नाहीतर पुढची आणि मागची अशा दोन वेगळ्या भिंती उभ्या राहतात. भिंत सरळ उभी आहे ना, ते दर दोन-तीन थरांनी ओळंबा लावून बघा.

आता मागचं पाणी बाहेर काढणारे पाइप. समोरच्या जमिनीपासून 6 इंचांवर, दर 4 फुटांनी 2 इंची पीव्हीसी तुकडा, बाहेर किंचित उतार देऊन. असे पाच. ते बांधतानाच बसवायचे. मागच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर दोन पावसाळ्यांत ते बुजतात. ‘एवढ्याशा भिंतीला कशाला पाइप’ हे वाक्य ऐकायला मिळेलच. ऐकून सोडून द्या.

मागच्या बाजूला 1:4 चं प्लास्टर करून डांबरी रंगाचे दोन हात मारून घ्या. त्याने पुढच्या विटांना लोणा (पांढरा खार) कमी लागतो. पुढून प्लास्टर नको, 1:3 मालाने दर्जा (विटांमधल्या सांध्यांच्या फटी) भरल्या की पुरे. डोक्यावर कॉपिंग, म्हणजे काँक्रीटचं झाकण, दोन्ही बाजूंना इंचभर बाहेर काढलेलं. सात दिवस तरी पाणी मारा, दहा मारलं तर उत्तम.

भराव घालायची घाई नको, दोन आठवडे जाऊ द्या. पाइपच्या खाली मुरूम ठोकून भरायचा, म्हणजे पाणी भिंतीच्या पायात मुरत नाही. पाइपच्या पातळीपासून वर, भिंतीलगत फूटभर रुंद खडी. खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड, जे पाणी जाऊ देतं पण माती अडवतं. वरचे 6 इंच मात्र माती, तिथे जास्वंद, तुळस काय हवं ते लावा. आंबा आणि सोनचाफा 10 फूट लांब. चरातून निघालेली काळी माती परत मागे ढकलणं गवंड्याला स्वस्त पडतं, म्हणून त्या दिवशी दोघांपैकी एकाने तिथे खुर्ची टाकून बसा. गच्चीचं पन्हाळंही भिंतीच्या मागे सुटता कामा नये, त्याला वेगळा पाइप काढून रस्त्याकडच्या गटारात न्या.

काम दिवाळीनंतर काढा. भराव मार्चपर्यंत झाला की पावसाआधी तो बसायला वेळ मिळतो. पहिल्या मोठ्या पावसात पाचही पाइपांतून पाणी येतंय का ते पाहा. एखादा कोरडा राहिला तर मागून बुजला असेल, तारेने मोकळा करून घ्या.

तुमची,
लेक