मोत्याच्या वतीने आभार

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी गोवळकोटहून वाशिष्ठीतून दाभोळला निघालो. होडीत मी, चुलतभाऊ आणि आमचा मोत्या. पुनवेच्या उधाणाला भरती जेवढी चढते तेवढीच सुकती खाली उतरते, हे लहानपणापासून ऐकलेलं, तरी निघायला तासभर उशीर केलाच (चहा, दुसरं काय!). होडी अर्ध्या वाटेत गाळात रुतली. मोत्याने काठाकडे उडी मारली नि पोटापर्यंत फसला. या नदीत मगरी आहेत. आम्ही नुसते ओरडत होतो.

शिंपल्या काढणाऱ्या दोन मावश्या धावल्या. एकीने चिखलावर फळी टाकली, आडवी झाली आणि मोत्याच्या पुढच्या पायांखाली आपलं रिकामं घमेलं सरकवलं. "वडू नको रे बाला, तो आपसूक येल." आला! मागाहून त्यांनी आमच्याच मूर्खपणावर मनसोक्त हसून घेतलं, ते रास्तच.

भरती लागल्यावर एका नाखवाकाकांनी आमची होडी दोर बांधून दाभोळपर्यंत ओढत नेली. डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. जेटीवर मोत्याला गोडं पाणी पाजणाऱ्या पोरा, तुझंही नाव विचारायचं राहिलं.

मावशी, घमेल्याचा काठ मोत्याने चावलाय. नवं घेऊन येतो, पुढच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असेल तेव्हा.