चिलखत शाबूत, तोफ गप्प

खडकी
शनिवार, रात्री

प्रिय दत्ता,

तुझे फोन आले, मी उचलले नाहीत. रागावू नकोस, हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. गुडघा आहे तसाच आहे, साखर आटोक्यात. पुढे वाच.

सागर सुटीवर आलाय. पोरगं आता वज्रच्या, त्या ट्रॅकवर चालणाऱ्या चिलखती तोफेच्या, रेजिमेंटबरोबर आहे, ईएमईतच, लष्कराच्या दुरुस्ती शाखेत. म्हणजे काम माझं आणि संगत तुझ्या तोफखान्याच्या लोकांची. काल जेवताना सहज विचारलं, "जवळ गोळा पडला, गाडीवर स्प्लिंटर बसले, तर आधी काय बघशील?" तर म्हणतो, "काका, वज्रचं चिलखत 152 च्या स्प्लिंटरलाही दाद देत नाही. आत काही आलं नाही म्हणजे झालं." आणि भाकरीचा तुकडा मोडून आमटीत बुडवला. मला पुढचा घास गेला नाही. ही म्हणाली, ताटावर बसून तोफा कशाला काढता. तिला काय सांगू? हे तुलाच कळेल.

चिलखताबद्दल तो चूक बोलत नाही. वज्र ही कोरियाच्या के-9 ची बहीण. 14.5 मिलिमीटरची गोळी आणि 152 मिलिमीटरच्या गोळ्याचे तुकडे तिचा पत्रा अडवतो, असं बनवणारे सांगतात, आणि मी ते मानतो. पण चिलखत आतल्या पाच माणसांसाठी असतं रे! नळी बाहेर. साइटचं भिंग बाहेर. अँटेना, ट्रॅक, रोड व्हील सगळं बाहेर. 155 मिलिमीटरचा साधा एचई, म्हणजे स्फोटक भरलेला, गोळा 43 किलोच्या आसपास, त्यात स्फोटक जेमतेम 7 किलो. बाकीचं बहुतेक सगळं पोलाद, ते हजारो तुकडे होऊन सुटतं. त्या तुकड्यांना आत शिरायची गरजच काय?

मग मी त्याला दक्षिण कोरियाच्या येओनप्योंग बेटाची गोष्ट सांगितली. 23 नोव्हेंबर 2010. बेटावर के-9 च्या सहा तोफा, आणि दुपारी अडीचच्या सुमारास उत्तर कोरियानं भडिमार सुरू केला. प्रत्युत्तर गेलं 13 मिनिटांनी, तेही तीनच तोफांचं. एकीच्या नळीत त्या दिवशीच्या सरावातला गोळा अडकून बसला होता आणि दोन शत्रूच्या माऱ्यानं बिघडल्या होत्या. दोन मरीन आणि दोन साधी माणसं गेली. कागदावर सहा तोफा, गोळा टाकायला तीन. सागर म्हणाला, "ते वायरिंगचं असेल." असेल नाही, असतंच! हादऱ्यानं सॉकेट सैल होतं, उष्णतेनं तार वितळते, पत्र्यावर ओरखडासुद्धा दिसत नाही आणि नेम धरून देणाऱ्या फायर कंट्रोलचा पडदा काळा. पत्रा बघून गाडी पास करणाऱ्याला हे दिसणार कधी?

दत्ता, मला झोप लागत नाही ती यामुळे. पोरगं हुशार आहे, हात चांगला आहे, पण नजर चिलखताला चिकटलीय. माझ्या मते गाडीवरच्या खुणा आधी वाचायला हव्यात. गोळा फुटला की तुकडे मुख्यतः त्याच्या कुशीतून बाहेर पडतात, नाकातून आणि बुडातून कमी. एका बाजूला, खालच्या अंगाला खाचांची दाटी दिसली की समजायचं, जमिनीवर फुटलाय. मग खाली वाकायचं. ट्रॅकच्या पिना बघायच्या, रोड व्हीलचं रबर बघायचं, सस्पेंशनचं तेल गळतंय का बघायचं, कारण या गाडीचं सस्पेंशन तेल आणि गॅसवर चालतं. खुणा वरच्या डेकवर असतील तर हवेत फुटलाय. मग पेरिस्कोप, अँटेना आणि थंडाव्याची जाळी. रेडिएटरला बारीक भोक पडलं तर इंजिन लगेच बंद पडत नाही. गाडी दिमाखात निघते आणि अर्ध्या वाटेत तापून उभी राहते, नेमकी जागा बदलायची घाई असते तेव्हा.

आणि रिकॉइल, गोळा सुटताना नळीचा मागचा धक्का झेलणारी यंत्रणा! तो चकचकीत दांडा. त्यावर नखाएवढी खाच पडली तरी पहिल्या गोळ्याला सील फाटतं, आणि मग नळी मागे जाते ती नीट पुढे येत नाही.

आता द्रासवर येतो, तू वाटच बघत असशील. ती बोफोर्स होती, ओढून न्यायची, चिलखताचा प्रश्नच नव्हता, पण नळी ती नळीच. बोटाचं पेर बसेल एवढी खाच होती बाहेरून. मी आत बॅटरी मारून, गेज घालून बघत होतो आणि तू मागून ओरडत होतास, "वर्कशॉपवाले म्हणजे नकारघंटा! वर फायर मागतायत, तुझा बाप देणार का?" साळुंखे साहेब मध्ये पडले नसते तर आपण एकमेकांची कॉलर धरली असती. नायर अजून ती गोष्ट लग्नाकार्यात सांगतो, दरवेळी थोडी वाढवून.

तुला आजही सांगतो, बाहेरची खाच आतून केसभर जरी फुगली असती, तर गोळ्याचा ड्रायव्हिंग बँड, नळीत घट्ट बसणारा तो पट्टा, तिथे अडकला असता आणि गोळा नळीतच फुटला असता. मी ती सोडली नसती, तुझ्या शिव्या खाऊनही. आत साफ होती म्हणून सोडली, कमी दारूच्या चार्जवर, लांब दोरीनं, सगळ्यांना आडोशाला बसवून. पण तू तेव्हा एक प्रश्न विचारलास, "फिट-अनफिट सोड, आत्ता ही काय काय करू शकते ते सांग." त्यापुढे मी प्रत्येक पोराला तेच शिकवलं. फायर देते का, हलते का, रेडिओवर बोलते का, आणि किती वेळ. 1973 च्या युद्धात इस्राएलच्या लोकांनी मार खाल्लेले रणगाडे दुरुस्त करून पुन्हा लढाईत उतरवले ते याच हिशेबानं. शेकडोंनी उतरवले.

सागर हे सगळं ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि म्हणतो, "काका, तुमच्या वेळच्या तोफा वेगळ्या होत्या."

बरं, सोनूचं ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. हॉल मिळाला का? वहिनींचं मोतीबिंदूचं काय झालं ते कळव. घराच्या कागदांचं तू सावकाश घे, वकिलाला पैसे आगाऊ देऊ नकोस.

आणि ऐक, सागर बुधवारी देवळालीला येतोय, तुझ्याकडेच उतरवतो. 2018 च्या नोव्हेंबरात तिथं वज्र दाखल झाली तेव्हा तू मला फोनवर अर्धा तास तिचं कौतुक ऐकवलं होतंस. तेवढा वेळ आता त्याला दे, पण कौतुक नको. नळीवर हात फिरवायला लाव. तो माझं ऐकत नाही, गनरचं ऐकेल. द्रासला मी बरोबर होतो हेही त्याला सांग, आणि मी समोर नसताना सांग, म्हणजे त्याला खरं वाटेल.

तुझा,
विलास