दादाच्या पायांबद्दल

आई, बाबा,

काल फोनवर आई परत तेच म्हणाली, की दादाला एवढं पळू दिलं नसतं तर पाय असे कमजोर झाले नसते, आणि बाबा तुम्ही गप्प राहिलात म्हणजे तुमच्याही मनात तेच आहे. फोनवर मला नीट सांगता येत नाही, मधेच कुणीतरी रडतं, म्हणून लिहितेय. निवांत वाचा.

रिपोर्टवर जे डिसफर्लिन लिहिलंय ना, ते एका प्रोटीनचं नाव. त्याचा जीन उंदरातही असतो, आणि तो काय काम करतो हे बरंचसं उंदरांमुळेच कळलंय. स्नायूची एकेक पेशी म्हणजे लांबच लांब धागा, त्याच्यावर पातळ पडदा. जिना उतरताना, उचललेलं वजन खाली ठेवताना हा पडदा जागोजागी फाटतो, सगळ्यांचाच फाटतो, तुमचा माझा पण, फक्त लगेच रफू होतो म्हणून पत्ता लागत नाही. दादाचा घोटाळा रफू करण्यात आहे.

हे दाखवणारा प्रयोग २००३ सालचा, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात केविन कॅम्पबेल यांच्या लॅबमधला. उंदराच्या स्नायूचा एक सुटा धागा घ्यायचा, भोवतालच्या द्रवात चमकणारा रंग घालायचा आणि लेझरने पडद्याला बारीकसं भोक पाडायचं. साध्या उंदराच्या धाग्यात रंग थोडा शिरतो आणि साधारण मिनिटभरात थांबतो, भोक बुजलेलं असतं. ज्या उंदराचा हा जीन बंद केलाय त्याच्यात मात्र रंग शिरतच राहतो. गंमत म्हणजे द्रवातलं कॅल्शियम काढून टाकलं तर चांगल्या उंदराचंही भोक बुजत नाही. कारण धाग्याच्या आत कॅल्शियम अगदी कमी असतं, बाहेर भरपूर, भोक पडलं की ते आत घुसतं आणि आतल्यांना तीच खबर. मग बारीक बारीक पिशव्या भोकापाशी जमतात, एकमेकींना आणि पडद्याला जुळतात आणि ठिगळ बसतं. डिसफर्लिन या जुळण्याच्या कामात लागतं. ते नसलं, जसं दादाच्यात, तर पिशव्या येऊन पडद्याखाली नुसत्या साठून राहतात. (आई, यावरून त्याला कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नकोस, त्याच्याकडे कॅल्शियम कमी नाहीये.) आणि ब्लड रिपोर्टमधलं ते हजारातलं सीके बघून तुम्ही घाबरलात ना, ते स्नायूच्या आतलंच एन्झाइम, फुटलेल्या धाग्यांतून रक्तात येतं.

पहिल्या डॉक्टरांनी स्नायूंना सूज आहे म्हणून स्टेरॉइड दिले, कितीतरी महिने गेले त्यात, त्याचा मला अजून राग येतो. पण सूज खरंच दिसते या आजारात, त्यामुळे भले भले फसतात. एसजेएल नावाची उंदरांची एक जात आहे, लॅबमध्ये कितीतरी वर्षं वापरात, तिच्याही स्नायूंत सूज दिसायची, आणि मूळ बिघाड याच जीनमध्ये आहे हे कळायला १९९९ उजाडलं. सूज मागून येते, धागे मरायला लागले की.

आता पळण्याचं. खोटं सांगणार नाही, किशोरवयात खूप खेळलेल्यांमध्ये हा आजार थोडा लवकर दिसतो असं अभ्यासात आलंय. म्हणजे पळण्याने कदाचित थोडा आधी आला असेल, पण पळण्याने झाला नाही. पिंजऱ्यात बसून असलेल्या उंदरांनाही होतोच. आणि विशीपर्यंत ही मुलं अगदी चांगली असतात, कितीतरी जण खेळात पुढे असतात, तेव्हा कुणाला कळणार होतं?

आणि "कुणाकडून आलं" हे पण आता बंद करा प्लीज. दोघांकडून आलं. प्रत्येकाकडे या जीनच्या दोन कॉपी असतात, एक चांगली असली तरी काम भागतं, म्हणून तुम्हा दोघांना काहीच त्रास नाही. दोघांची बिघडलेली कॉपी एकाच मुलात यायची शक्यता चारात एक. ती दादाच्या वाट्याला आली, माझ्या नाही, माझ्याकडे एखादी असेलही, मी टेस्ट करून घेणार आहे.

औषध आज नाही. जीन फार लांबलचक आहे, तो पोचवायला जो व्हायरस वापरतात त्यात मावत नाही, म्हणून दोन तुकडे करून पाठवतात, उंदरांमध्ये ते आत जाऊन जोडले जातात आणि प्रोटीन बनतंय. माणसात कधी ते मी सांगणार नाही, उगाच आशा लावून बसाल. तोपर्यंत फिजिओ सांगेल तेवढाच हलका व्यायाम, पायऱ्या उतरणं शक्यतो टाळायचं, जड उचलायचं नाही, आणि कुणीही सुचवलं तरी जिम नाही.

बाबा, जेनेटिक रिपोर्टचं दुसरं पान फोटोत कापलं गेलंय, ते परत काढून पाठवा, काउन्सेलरला तेच हवंय.

तुमची,
छोटी