कुशलच्या पुढची पायरी कुठे आहे?

मा. कौशल्य विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत बरीच वर्षं उत्पादन विभाग सांभाळला, त्या अनुभवावर हे लिहितो आहे. कारखान्यातल्या पगाराच्या तफावतीवर बोलताना शिक्षण आणि यंत्रावरचा हात एवढंच मोजलं जातं. माणसं सांभाळायची हातोटी कुणी मोजत नाही.

बहुतेक उद्योगांच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेत तीनच वर्ग असतात: अकुशल, अर्धकुशल, कुशल. रात्रपाळीला कोण दांडी मारून बसलंय ते बघून 20 जणांचं काम पुन्हा लावणारा, ठेकेदाराकडच्या कामगार पोरांची भांडणं मिटवणारा, वेळेत गाडी भरून देणारा लाइन इन्चार्ज बहुतेकदा आयटीआय झालेला फिटर असतो. तो कुशल. निवृत्तीपर्यंत कुशलच! जबाबदारीचा भत्ता मिळालाच तर मालकाच्या मर्जीने.

मॅनेजरला जास्त मिळू नये, असं माझं म्हणणं नाही. त्याची एक खरेदी चुकली की वर्षाचा नफा जातो. पण हे काम शिकायची दारं कुणाला उघडी आहेत? नागपुरातच, मिहान प्रकल्पात आयआयएम आहे, चांगलंच आहे. तिथे पदवी लागते, आणि दहावीनंतर दोन वर्षांचा फिटर ट्रेड केलेल्याकडे ती नसते.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना 2013 च्या कंपनी कायद्यामुळे संचालकाचं वेतन पगाराच्या क्रमाने मधोमध येणाऱ्या कर्मचाऱ्याच्या किती पट, हे छापावं लागतं. ठेकेदाराच्या हजेरीपटावरची माणसं त्यात धरली जात नाहीत. आमच्याकडचे लहान कारखाने तर प्रायव्हेट लिमिटेड, त्यांना हे लागूच नाही.

आयटीआयत रोजगारक्षम कौशल्यांचा विषय आहे, पण तो नोकरी लागण्यापुरता. अनुभवी कामगारांसाठी तिथेच संध्याकाळचे वर्ग काढा. पाळी लावणं, खर्चाचा अंदाज, तक्रार ऐकून घेणं हे निवृत्त फोरमन उत्तम शिकवतील, मानधनही फार मागणार नाहीत. आणि कामगार मंत्र्यांशी बोलून अधिसूचनेत पर्यवेक्षकाचा वेगळा दर आणा. दर नसेल तर ते प्रमाणपत्र घरी फ्रेममध्ये लागेल, पगारात दिसणार नाही.

हिवाळी अधिवेशनाला आपण नागपुरात येताच. एखाद्या दिवशी पाळी बदलायच्या वेळी हिंगण्याला या. मालक काय म्हणतात ते ऐकाच, पण लाइन इन्चार्जची पगाराची स्लिपही मागून बघा.

आपला,
एक निवृत्त प्रॉडक्शन मॅनेजर, नागपूर