प्रयोगशाळेतल्या उंदरांना आधी घरट्याचा कागद द्या

संपादक महोदय,

बेळगाव-निपाणी पट्ट्यात औषधनिर्माणशास्त्र आणि वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या संस्था वाढल्या आहेत. प्राणीगृहात पांढऱ्या उंदरांची सोय करायची ठरली की पळायचे चक्र, प्लास्टिकची खेळणी यांचा विचार आधी होतो. आमच्या मते पहिला खर्च घरट्याच्या सामानावर व्हावा.

प्राणीगृह साधारण 20 ते 24 अंशांवर ठेवतात. उंदराला मानवते ते 30 अंशांच्या आसपासचे तापमान. ऊब टिकवण्यासाठी तो जास्त खातो, त्याचे चयापचय वाढते आणि औषधाच्या चाचणीत ही थंडीही नकळत मोजली जाते. खोली तापवणे माणसांना सोसत नाही, शिवाय दमट हवेत अमोनियाचा वास वाढतो. घरट्यात मात्र उंदीर आपली ऊब आपणच कमी-जास्त करतो.

दर पिंजऱ्याला 8 ते 10 ग्रॅम कोऱ्या, बिनशाईच्या कागदाच्या लांब चुरगळलेल्या पट्ट्या द्याव्यात. त्या 121 अंशांवर ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून, पूर्ण सुकवाव्यात. आपल्या पावसाळ्यात ओलसर राहिल्या तर बुरशी धरतात. दोन-तीन ग्रॅम कागदाचे घरटे बशीसारखे उथळ होते आणि ऊब वरून निघून जाते. खानापूरकडचे भाताचे तूस अंथरायला चालते, पण त्याचे घरटे बांधता येत नाही. वडगाव-शहापूरच्या मागांवरचे वाया गेलेले सूत तर कृपया वापरूच नका. लांब धागा पिलाच्या पायाला गुंडाळतो, रक्त अडते आणि पाय काळा पडतो.

पिंजरा बदलताना कोरडे घरटे नव्या पिंजऱ्यात न्यावे, मूत्राने भिजलेले तूस नेऊ नये. ओळखीचा वास पुसला गेला की नर एकमेकांना चावतात. नरांना एकाच दाराचे खोके देऊ नये, वरचढ नर दार अडवून बसतो.

उंदीर शेपटीला धरून उचलणेही थांबायला हवे. लिव्हरपूल विद्यापीठाच्या जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी 2010 मध्ये दाखवले, की नळीतून किंवा ओंजळीत उचललेले उंदीर माणसाला कमी घाबरतात. सुमारे 5 सेंटिमीटर व्यासाची पारदर्शक नळी पिंजऱ्यातच ठेवली की काम होते.

प्रत्येक संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीने रोजच्या नोंदवहीत घरट्याचा रकाना घालावा. संध्याकाळी दिलेला कागद सकाळी तसाच पडलेला दिसला, तर तो उंदीर दुखण्यात किंवा आजारी असू शकतो. त्याची तपासणी त्याच दिवशी व्हावी.

— प्राणीगृहाच्या कामाशी संबंधित काही वाचक, टिळकवाडी, बेळगाव