वेदना चिकित्सा विभागातील ॲक्युपंक्चर तज्ज्ञांस आभारपत्र

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

कंबरेच्या जुनाट दुखण्याने जेरीस येऊन मी आपल्या विभागात आले, तेव्हा सुईला हात लावण्याआधी आपण माझे सगळे रिपोर्ट वाचलेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, पेसमेकर बसवला आहे का, याची चौकशी केलीत. सुईच्या जागी थोडे रक्त येणे किंवा त्वचा काळीनिळी पडणे ही नेहमीची बाब असली, तरी छातीच्या भागात सुई नको तितकी खोल गेल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते, हा दुर्मीळ धोकाही आपण लपवला नाहीत.

उपचाराच्या उपयोगाबद्दलही आपण तितकेच स्पष्ट बोललात. 39 चाचण्यांमधील 20,827 रुग्णांच्या माहितीचे जे एकत्रित विश्लेषण 2018 साली प्रसिद्ध झाले, त्यात जुनाट वेदनेवर ॲक्युपंक्चरचा गुण दिसला. मात्र खऱ्या सुयांची तुलना नकली, म्हणजे उपचाराचा केवळ देखावा करणाऱ्या सुयांशी केल्यावर हा फरक बराच लहान भरला. कंबरदुखीसाठी उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2016 साली याची शिफारस नाकारली, तर अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने 2017 साली जुनाट कंबरदुखीच्या सुरुवातीच्या उपचारांत याला स्थान दिले, हे दोन्ही आपण मला सांगितलेत. रुग्णाला असे विश्वासात घेणे मला फार मोलाचे वाटते, कारण वर्षानुवर्षे दुखणे सोसणाऱ्या माणसाला खोटी आशा लावणे अगदी सोपे असते.

प्रत्यक्ष उपचारात इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची सुई टोचल्यावर आपण ती हलकेच फिरवून थांबत असा. आत जडसर, बधिर अशी कळ पसरली की मी सांगावे आणि मगच आपण पुढच्या सुईकडे वळावे, अशी आपली रीत होती. शेवटी परिचारिका काढलेल्या सुया मोजून घेत आणि त्या टाकलेल्या सुयांच्या डब्यात बंद करत.

माझे दुखणे समूळ गेलेले नाही. तरीही रात्री कूस बदलताना जाग येत नाही, वेदनाशामक गोळी आपल्याच सल्ल्याने कमी झाली आहे, आणि पूर्वी जे व्यायाम पाहूनच धास्ती वाटे ते आता फिजिओथेरपिस्टसमोर नीट करता येतात. सुयांनी मिळालेल्या उसंतीत हा व्यायाम नेटाने करायचा, हा आपला आग्रह मी पाळते आहे. त्यासाठी आपले आणि आपल्या सहकाऱ्यांचे मनापासून आभार.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण